मापापुरती बाई

अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावातल्या मुलीच्या घरात शिरलं की दाराशीच सायकलची हेल्मेटं अडकवायच्या खुंट्या आहेत, आणि त्यांच्या वर माझा एक फोटो. मागे काळाभोर उभा कडा, पायथ्याशी काठीसारखी ताठ उभी राहिलेली एक नवी नवरी. येणारी मराठी मंडळी बूट काढता काढता मान वर करून बघतात आणि विचारतात, काकू, हनिमूनचा का, किती गोड दिसताय. मी हो म्हणते. ते खोटंही नाही, लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातलाच फोटो आहे तो. फक्त तो माझा नाही. कड्याचा आहे. मी त्यात पट्टी म्हणून उभी आहे.

हे नीट सांगायला हवं. नुसत्या कड्याचा फोटो काढला तर तो केवढा आहे ते कळत नाही. मुठीएवढा दगडसुद्धा फोटोत डोंगर वाटू शकतो. म्हणून भूगर्भशास्त्राची माणसं शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवून देतात. हातोडा, नाणं, कॅमेऱ्याचं झाकण. आणि कडा फारच उंच असला तर माणूस उभं करतात. त्या माणसाने काही करायचं नसतं. माणूस साधारण केवढा असतो हे जगाला ठाऊक आहे, त्यावरून जग कड्याची उंची ताडतं, आणि मग त्या माणसाकडे कुणी पुन्हा बघत नाही.

नवरा भूगर्भशास्त्रज्ञ, सरकारी सर्वेक्षणात. मी चित्रकलेची पदविका घेतलेली. ठरवून केलेलं लग्न. घाटातल्या विश्रामगृहात राहिलो होतो, आणि सकाळी सकाळी तो मला एका कड्याखाली घेऊन गेला. म्हणाला, तिथे जाऊन उभी राहा. तर ती पळत गेली. ‘ती’ म्हणते कारण त्या मुलीला ‘मी’ म्हणवत नाही. इतकं बावळट माणूस मी पुन्हा पाहिलं नाही, आणि मी बरीच माणसं पाहिली आहेत. तिने मुद्दाम अबोलीचा गजरा उंच माळला होता. नवरा कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, “गजरा काढ.” बाईसाहेबांना वाटलं, आपले मोकळे केस बघायचेत. मग तो म्हणाला, पाऊल गवतात बुडवू नकोस, टाच दिसली पाहिजे. बाईसाहेब लाजून लाल झाल्या. वाटलं, पैंजण बघतोय. गजऱ्याने दोन इंच उंची वाढते आणि पाऊल झाकलं तर तेवढीच कमी होते, हे तिला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. फोटो धुऊन आला तेव्हा त्याच्यामागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘पत्नी, पाच फूट एक इंच’. तिला ती कविता वाटली. इतक्या मोजक्या शब्दांत इतकं प्रेम, असं तिने आईला कळवलं.

वर्षभरात आणखी एक गोष्ट कळली. नवऱ्याला चित्र काढता येत नव्हतं. एरवी यात लाजण्यासारखं काही नाही, पण त्याच्या कार्यालयात ती मोठीच अडचण होती. त्याच्या साहेबांना जुन्या सर्वेक्षणांचं वेड. घोड्यावरून आणि बैलगाडीतून हिंडत ज्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्याकडच्या डोंगरांची पहिली पाहणी केली, त्यांच्या अहवालांतली चित्रं हे साहेब पोथीसारखी उलगडून दाखवत. पातळ जलरंगांतले कडे, शाईच्या बारीक रेघांनी दाखवलेले थर, आणि कोपऱ्यात मापासाठी छत्री घेतलेला एखादा माणूस. ज्याला डोंगर काढता येत नाही त्याने तो पाहिलेलाच नाही, असं साहेबांचं मत. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी की अहवाल जिथे छापत तिथे फोटो डांबर फासल्यासारखे उमटत. रेघ मात्र स्वच्छ यायची.

नवऱ्याने काढलेले डोंगर इडल्यांसारखे दिसत. एका रविवारी त्याने इडल्यांची एक रांग माझ्यासमोर ठेवली, शेजारी फोटो ठेवले आणि म्हणाला, हे जरा सारखं करून देतेस का? तिला स्वर्ग दोन बोटं उरला. मैत्रिणीला तिने लिहिलं की आमच्या घरी कला आणि विज्ञान यांचा संगम झाला आहे. संगम जेवणाच्या टेबलावर व्हायचा, ताटं उचलून झाल्यावर. ताटं कला उचलायची.

पण खोटं कशाला बोलू. ते काम मला आवडायचं. तो जे सांगायचा ते ऐकण्यासारखं असायचं. आपला सह्याद्री म्हणजे एकावर एक ओतलेल्या लाव्हाच्या चादरी, हे मी त्या टेबलावर शिकले. दोन चादरींच्या मध्ये कुठेकुठे लाल मातीचा पातळ पट्टा असतो. खालचा लाव्हा निवला, त्याची माती झाली, कदाचित गवत उगवलं, आणि मग वरून पुन्हा आग आली, ती माती भाजून निघाली. तो हे अगदी सपाट आवाजात सांगायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. तो पट्टा कागदावर नेमका किती जाड यायला हवा यावर आमची चर्चा चाले. रेघ कुठे तुटते, कुठे नुसती झाकली जाते, हे तो बोटाने दाखवायचा आणि मी निबने पकडायची. तसं बघितलं तर त्या टेबलावर आम्ही दोघं जितके जवळ होतो तितके दुसरीकडे कुठेच नव्हतो.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, सावलीवरून. चित्रशाळेत आमच्या मास्तरांनी दुसरं काही शिकवलं नसेल, पण उजेड कुठून येतो ते आधी बघा, हे डोक्यात ठोकून बसवलं होतं. मी कड्याच्या एका बाजूला सावली दिली की नवरा रबर घेऊन यायचा. सावली काढलीस तर बघणारा तिला थर समजेल. ऊन दुपारी असतं, संध्याकाळी नसतं. दगड कायम आहे. आपल्याला दगड काढायचाय. त्याचं चूक नव्हतं. म्हणून मी ऐकलं, आणि त्यानंतर माझ्या डोंगरांवर कधी ऊन पडलं नाही. तो निवृत्त होईपर्यंत मी जेवढे म्हणून कडे काढले ते सगळे त्या एकाच बिनउन्हाच्या दिवसातले आहेत.

सावलीची परवानगी फक्त पायथ्याच्या माणसाला होती, कारण सावलीशिवाय तो हवेत तरंगल्यासारखा दिसतो. तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं ते माणूस. तेवढं मात्र माझं होतं. मी तिथे बाई काढायची, पाठमोरी. पहिल्या चित्रात तिला कमरेपर्यंत वेणी आहे. मुलगी पोटात होती तेव्हा त्या दाण्यालाही मी पोट काढलं. नवऱ्याने दुटोकी कंपास लावून उंची तपासली आणि म्हणाला, “रुंदी कितीही होऊ दे, उंची सांभाळ.” पुढे तिच्या कडेवर मूल आलं. मग मूल हात धरून उभं राहिलं. एकदा मुलीला गोवर निघाला होता, आठवडाभर माझी पाठ टेकली नव्हती, आणि चित्र तर छापखान्यात जायचं होतं. मी त्या दाण्याला खाली बसवलं. गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली बाई. तेवढं मात्र त्याच्या लगेच लक्षात आलं. बसलेल्या बाईचा काय उपयोग, म्हणाला, तिच्यावरून काय कळणार? मी ब्लेडने ती खरवडून काढली आणि त्याच जागी पुन्हा उभी केली. कागद तिथे अजून जरा फुलल्यासारखा आहे.

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात ‘प्रत्यक्ष पाहून रेखाटन’ असं लिहून पुढे नाव घालायची पद्धत साहेबांनी जुन्या अहवालांतूनच उचललेली. प्रत्यक्ष पाहिलं होतं नवऱ्याने, म्हणून नाव नवऱ्याचं. आणि ते नाव लिहायची कोण? तीच. अक्षराला वळण सुबक यावं म्हणून जीभ दातांत धरून, आधी पेन्सिलीने गिरवून मग शाईने. एकदा तिने धीर केला. “अहो, बारीक अक्षरात माझंही घालू का?” तो रागावला नाही, कधी रागवायचाच नाही. म्हणाला, “एका घरात दोन नावं कशाला?” आणि त्या वेडीला ते इतकं गोड वाटलं की दिवसभर ती गुणगुणत होती. मला कुणी ती वेळ परत दिली तर मी तिचा कान धरीन.

घरी पाहुणे येत, चित्रांचं कौतुक करत. नवरा म्हणायचा, जमतं थोडंफार. मग मी चहा आणायची, त्याचंही कौतुक व्हायचं, आणि तेव्हा मात्र तो माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा की चहा हिचाच.

तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. मी घर आवरलं आणि मुलीकडे आले. एका मोठ्या सपाट पाकिटात सगळी चित्रं घालून आणली. मुलीला वाटलं वडिलांची आठवण म्हणून. जावई झुइडासच्या, म्हणजे इथल्या बँका-कचेऱ्यांच्या भागातल्या, एका काचेच्या इमारतीत बँकेच्या संगणकांचं काहीतरी करतो. काय ते त्याने मला दोनदा समजावलंय आणि मी दोनदा मान हलवली आहे. एकच नात. ती आजोबांच्या विषयाला गेली. ज्या देशात उंच म्हणून काय तर पूल, त्या देशात मुलीने दगडांचा अभ्यास घ्यावा याचं मला हसू आलं होतं. एकदा ती मला समुद्राच्या बांधावर घेऊन गेली. बांधाला काळे खांबासारखे दगड रचलेले, लाटा अडवायला. हात लावला तर आपलाच काळा कातळ. मी विचारलं, हा इथे कुठला? ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, इथला नाहीच, दुसऱ्या देशातून आणलाय. मी त्या दगडावर जरा वेळ बसले. दगडाला राहायचं परमिट लागलं नव्हतं, एवढाच आमच्यात फरक.

तर या नातीच्या शिक्षकांच्या ओळखीने एका छोट्या संग्रहालयात प्रदर्शन ठरलं होतं. विषय, पहिल्या भूसर्वेक्षणांतली चित्रं. त्या काळी शास्त्रज्ञ आणि चित्रकार हे एकच माणूस असायचं, तोच हात हातोडा मारायचा आणि तोच कुंचला धरायचा, असं त्यांना दाखवायचं होतं. नात तिथे मदतीला जायची, भिंतीवरचे मजकूर लिहायची. तिने सांगितलं, माझे आजोबा अगदी अलीकडेपर्यंत त्याच पद्धतीने काढत होते. संग्रहालयाच्या बाई खूश झाल्या. जुनी परंपरा जिवंत ठेवणारा शेवटचा शिलेदार असं काहीतरी त्यांना शेवटच्या दालनासाठी हवंच होतं.

त्या घरी यायच्या आदल्या दिवशी मुलगी माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसली. मला तिच्या बसण्यावरूनच कळलं.

“आई, त्यांच्यासमोर उगाच काही काढू नकोस हं. बाबांचं नाव होतंय.”

“मी काय काढणार?”

“तेच. तू मदत करायचीस वगैरे. माहितीये मला, लहानपणी बघितलंय मी. तू रंग भरायचीस ना?”

त्या चित्रांत रंगच नाहीत. नुसती काळी शाई आहे. माझ्याच पोटची मुलगी, मी टेबलावर वाकलेली असताना त्याच टेबलाखाली बसून खेळायची, आणि तिला आठवतं काय, तर आई रंग भरायची. मी तिला हे म्हटलं नाही. मी म्हटलं, बरं.

आणि माझा शब्द पाळायचा इरादाही होता. बाई आल्या, उंच, पिकल्या केसांच्या, माझ्याहून थोड्याच लहान. त्यांनी चकली खाल्ली, बिनदुधाचा चहा घेतला आणि हातांत पांढरे मोजे घालून एकेक चित्र टेबलावर मांडलं. मग वाकून रेघेरेघेवरून नजर फिरवत बराच वेळ बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत माझ्या रेघांकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं. मला श्वास जपून घ्यावासा वाटला. मग त्या माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, तुमचे पती थोर होते. हे बघा, कड्यांवर कुठेही सावली नाही. फक्त शास्त्रज्ञच एवढा मोह आवरू शकतो. चित्रकाराला हे कधी जमलं नसतं.

आता सांगा, यावर मी काय करायला हवं होतं? मला हसू फुटलं. आधी हळू, मग आवरेना. मुलीने चहाच्या कपावरून माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती.

मी म्हटलं, “बाई, तो मोह मी आवरला. ही सगळी चित्रं माझी आहेत.”

मुलगी मराठीत म्हणाली, “आई, प्लीज.” नातीने हातातला मोबाइल खाली ठेवला. पाहुण्या बाई माझ्याकडे म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तशा, मान जरा कलती करून, बघत होत्या. मी म्हटलं, भिंग आहे ना तुमच्याजवळ? डोंगर राहू द्या. पायथ्याची बाई बघा. तारखा लावून बघा.

त्यांनी भिंग लावलं. वेणी बघितली. पोट बघितलं. कडेवरचं मूल बघितलं. चाळिशीनंतर मी केस कापले होते, पुढच्या चित्रांत ते कापलेले केस आहेत. शेवटच्या एकात तिच्या हातात काठी आहे, माझा गुडघा गेला त्या सालातली. नात त्यांच्याजवळ सरकली होती. ती खरवडलेली जागाही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी विचारलं इथे काय होतं, आणि मी सांगितलं. बाईंनी मोजे काढले आणि माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, त्याच क्षणी, आणखी पुरावा न मागता. हे मी त्यांच्याबद्दल मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्या वाईट वाटतील, आणि त्या वाईट नव्हत्या.

तीन आठवडे काही कळलं नाही. त्या तीन आठवड्यांत माझ्या आत ती जुनी बावळट पुन्हा उठून बसली. भिंतीवर चित्र, खाली आपलं नाव, नावाचं वळण कसं असेल, आडनाव माहेरचं की सासरचं. सुपरमार्केटमध्ये रांगेत उभी असताना मी मनातल्या मनात ती पाटी लिहायची. पंच्याहत्तरी उलटली तरी ही मेली सुधारली नाही.

मग बाई पुन्हा आल्या, या वेळी चकलीला हात न लावता. सांगताना फार अवघडल्या होत्या. प्रदर्शनाची सगळी मांडणी एकाच हाताची आहे, म्हणाल्या. पाहणारा हात आणि काढणारा हात एक. मजकूर, पुस्तिका, सगळं त्यावर बेतलंय. तुमची गोष्ट फार मोलाची आहे, पण ती दुसऱ्या प्रदर्शनाची आहे. तेही कधीतरी नक्की करू. आता दोनच गोष्टी शक्य आहेत. चित्रं तुमच्या पतींच्या नावाने लावायची आणि खाली ‘पत्नीच्या साहाय्याने’ असं घालायचं. नाहीतर ती लावायची नाहीत.

मी विचारलं, त्या जुन्या चित्रांचं काय? ती तरी सगळी एका हाताची आहेत का? त्या प्रामाणिक बाई. म्हणाल्या, नाही. गोऱ्या साहेबाच्या कच्च्या आराखड्यावरून पक्कं चित्र दुसराच करायचा, आणि नकाशांमध्ये रंग भरायला बायका बसवत. त्या बायकांसाठी आम्ही एक वेगळी भिंत ठेवलीय, अनामिक हातांना अर्पण केलेली. मला त्या भिंतीचं फार कौतुक वाटलं. मेलेल्या अनामिकांना मान देणं सोपं असतं. जिवंत अनामिक चहाचा ट्रे घेऊन समोर आली की पंचाईत होते.

नातीला राग आला होता. ती डचमध्ये बाईंना काहीतरी फाडफाड बोलली. मुलगी मात्र माझ्या खुर्चीशेजारी वाकून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, “आई, साहाय्याने म्हणजे वाईट आहे का गं? नाव तर बाबांचं राहतंय, तुझाही उल्लेख होतोय.”

“तू इथे आलीस तेव्हा नवऱ्याच्या परमिटवर तू काय होतीस गं?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“घरी येऊन रडायचीस फोनवर. दोन पदव्या आणि कागदावर नुसती जोडीदार. विसरलीस?”

ती ताठ उभी राहिली. “ते वेगळं होतं,” म्हणाली. तिने पुढे इथली भाषा शिकून स्वतःचं काम उभं केलं. तिच्या व्यवसायाच्या पाटीवर तिचं एकटीचं नाव आहे. मी त्या पाटीचा फोटो साऱ्या नात्यात पाठवला होता.

मी पाहुण्या बाईंना म्हटलं, चित्रं लावू नका.

त्या निघून गेल्या. सपाट पाकीट माझ्या पलंगाखाली गेलं. मुलगी काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. औषध घेतलंस का, डॉक्टरची वेळ कधीची, एवढंच. एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता मला पाठ करून म्हणाली, “बाबांचं एवढं एक व्हायचं होतं, तेही तुला बघवलं नाही.” मी भाजी चांगली झाल्याचं सांगितलं. दुसरं काय सांगणार? तिच्या बाबांचं सगळं आयुष्यभर झालंच होतं, सुबक अक्षरात, आणि ते करून दिलं होतं मीच.

त्याच दिवसांत कधीतरी खुंट्यांवरचा माझा फोटो दोन दिवस जागेवर नव्हता. मला वाटलं काच पुसायला काढला असेल.

प्रदर्शन उघडलं त्या रविवारी नात मला ट्रेनने घेऊन गेली. मुलगी आणि जावई मागून येणार होते. मला जायचं नव्हतं, पण ती जुनी चित्रं मला बघायची होती. नवऱ्याच्या साहेबांनी कार्यालयात जपून ठेवलेली त्याने पाहिली होती, मी फक्त त्यांची वर्णनं ऐकलेली. आणि ती खरंच सुंदर होती, त्याबद्दल मनात किल्मिष ठेवून बोलणार नाही. एका पानावर आपल्याकडचाच कुठलासा कडा होता. काय हात होता त्या माणसाचा, का त्या माणसांचा. थरांवरून पातळ निळसर रंग असा सोडलेला की दुपारची तलखी कळावी. पायथ्याशी मापाला एक बाई, डोक्यावर घागर, पाठमोरी. कुणीतरी तिला पाणी घेऊन चाललेली असताना थांबवलं असणार, घागर भरलेली असताना, आणि त्या गोऱ्या साहेबाचं होईस्तोवर ती तशीच उभी राहिली असणार. खाली साहेबाचं नाव होतं. मी तिच्यासमोर पुष्कळ वेळ थांबले. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मग शेवटचं दालन. आत शिरले आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर मी होते.

तोच फोटो. एवढा मोठा केलेला की कडा छतातून वर निघून गेला होता आणि मी खऱ्या माणसाएवढी झाले होते. ताठ, टाच दाखवत, केसांत काही नाही. शेजारी पाटी, डच आणि इंग्रजीत. ‘मापासाठी व्यक्ती’. खाली छायाचित्रकार म्हणून नवऱ्याचं पूर्ण नाव. जमिनीवर दोन पावलं रंगवली होती आणि लिहिलं होतं की इथे उभे राहा, स्वतःला ताडून बघा. मुलांची रांग लागली होती. एक सोनेरी केसांचा पोरगा माझ्या पोटाला पाठ लावून उभा होता आणि त्याची आई त्याच्या डोक्यावर हात आडवा धरत होती.

नातीचा चेहरा उतरला. तिला माहीत नव्हतं. मागून मुलगी आली, आणि मला काही विचारायला लागलं नाही. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “चित्रं तू देऊ दिली नाहीस. मला वाटलं, बाबांचं काहीतरी असावं.” मग म्हणाली, “आणि तूही आहेस की त्यात.”

होते खरी. तिला कुठे चूक म्हणू?

मुलांची रांग संपली तशी मी जाऊन त्या रंगवलेल्या पावलांवर उभी राहिले. मान वळवून बघितलं तर ती माझ्याहून उंच. वयाने मी झिजले आहे, दोनएक इंच तरी. आता मला कुणी त्या कड्याखाली उभं केलं तर कडा उगाच उंच भरेल आणि नवऱ्याचा सगळा हिशोब चुकेल, या विचाराने मला पुन्हा हसू यायला लागलं. ती भिंतीवरची मात्र हसत नव्हती. समोर कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे ती अशी काही बघत होती की माझ्याच्याने ते बघवेना. तिला वाटत होतं तो तिच्याकडे बघतोय.

नातीला काय करावं सुचत नव्हतं. तिने मोबाइल काढला. एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलणारी पोर, पण हे तिला मराठीत आठवलं, “आजी, सरळ उभी राहा ना.”

मी भिंतीला हात टेकला, दुखरा गुडघा सांभाळत सांभाळत वाकले, आणि तिथेच, तिच्या पायांशी, जमिनीवर फतकल मारून बसले. पहारेकरी पुढे आला, म्हातारी पडली असं वाटून. मी त्याला हातानेच सांगितलं, काही नाही, बसलेय. मुलगी म्हणाली, “आई, ऊठ, लोक बघतायत.” मी म्हटलं, बघू देत.

नातीने फोटो काढला. त्यातल्या माझ्यावरून कडा किती उंच आहे, ते कुणाला कळणार नाही.